तळ्याकाठचा रुसवा

“मला हाक का न्हाई मारली?”

रंगराव खोलीच्या दारातनं ओरडला. सकाळचे नऊ वाजत आले होते. ओसरीवर ताटं धुऊन पालथी घातली होती आणि थालीपिठाच्या परातीत आता फक्त तेलाचे डाग उरले होते.

शिवाप्पा वस्ताद पायरीवर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हितं कुणालाच हाक मारत न्हाईत.”

ते खरंच होतं. वस्तादांचं घर धरणाच्या तळ्याच्या पार टोकाला आहे. डांबरी रस्ता संपतो, मग कच्चा, मग तोही संपतो, तिथं. तालीम सोडल्यावर म्हातारा-म्हातारीनं दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. रात्रीचा मुक्काम आणि सकाळचा घरचा नाश्ता. हौसाक्का नाश्ता ओसरीवर मांडतात, वर फडकं झाकतात आणि शेळ्यांकडं निघून जातात. ज्याला भूक असेल त्यानं यावं. मी पलीकडच्या खोलीत उतरलो होतो, आणि हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं.

“कालपासनं पोटात काय न्हाई माझ्या!”

“मग यायचं.”

“मला वाटलं, बोलवील कोणतरी...”

“व्हय. तुला लई वाटतं.”

रंगराव वस्तादांचा लाडका पठ्ठ्या. एके काळी जिल्ह्यात त्याच्यासमोर उभं राहायची कुणाची टाप नव्हती. आता पोट सुटलंय, गुडघे कुरकुरतात. पण ताठा म्हणाल तर तसूभर कमी नाही. आदल्या दिवशी दिवेलागणीला बुलेटवरनं आला आणि वस्तादांच्या पाया पडून म्हणाला, “शांती पायजे, वस्ताद. गणगोत नको, मानपान नको. चार दिस नुसतं पाण्याकडं बघत बसतो.”

वस्ताद एवढंच म्हणाले होते, “बस.”

आता त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि विचारलं, “साडेबाराचा मुहूर्त हाय न्हवं?”

रंगरावचे कान लाल झाले.

मुहूर्त त्याच्या भाचीच्या लग्नाचा. ऋतुजाच्या. तालुक्याच्या गावाला, दोन तासांच्या वाटेवर. आपल्याकडं मामा नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो. मंगलाष्टकं म्हणणारे भटजी दहा वेळा ओरडतात, मामा, मुलीला घेऊन या! आणि हा मामा इथं बनियनवर उभा राहून थालीपिठासाठी भांडत होता.

“त्या घरचं नाव काढू नका, वस्ताद.”

“मी मुहूर्त विचारला.”

“काल साखरपुड्यात माईकवरनं नावं पुकारली. मानाचे फेटे बांधायला. आधी सभापती. मग कारखान्याचा संचालक. मग नवऱ्याकडचे काका, मावसकाका, कोण कोण उपटसुंभ... आन् मामा? मामा सगळ्यांच्या शेवटाला! माईकवाला पाणी पिऊन आला आन् मग माझं नाव घेतलं!”

“फेटा कसला हुता?”

“गुलाबी.”

“बांधून घ्यायचास की.”

“स्टेजवर फेकला!” रंगरावनं मांडीवर थाप मारली. “भर मांडवात दाजीला सांगितलं, उद्या मामा दुसरा बघा.”

“मग दाजी काय म्हणाला?”

रंगरावनं मिशीवरनं हात फिरवला.

“काय म्हणाला?”

“बरं म्हणाला.”

मला हसू आलं होतं, पण मी चहाच्या कपात तोंड घातलं. पहिलवानासमोर हसायचं म्हणजे आपल्या हातानं आपली हाडं मोजायला देणं.

“आन् पोरगी?” वस्तादांनी विचारलं.

“तिच्याशी बोललोच न्हाई.”

“तिनं काय केलं हुतं?”

रंगरावनं तळ्याकडं तोंड फिरवलं. खाली, काठाला लागलेल्या होडीवर पाणी चुबुक चुबुक करत होतं. तो म्हणाला, “तिला चालायला मी शिकवलं, वस्ताद. दाजी तवा ट्रकवर असायचा, म्हैना म्हैना घरी न्हाई. तालमीच्या मातीत दोन्ही हात धरून... आन् सभापती! तो सभापती वळखतो तरी का तिला?”

आवाज फाटला त्याचा. मला पहिल्यांदाच त्या आडदांड माणसाची कीव आली. खरंच लागलं होतं त्याला.

वस्तादांना मात्र दया आली नाही. ते तापले. तंबाखू थुंकून उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“पाण्याकडं बघायला आलायस न्हवं तू?”

“व्हय.”

“मग पहाटंपासनं रस्त्याकडं काय बघतोयस? दोन डाव फाटकापतोर जाऊन आलास. आँ? म्हाताऱ्याला दिसत न्हाई व्हय?”

“मी काय कुणाची वाट बघत न्हाई!”

तेवढ्यात टेकाडामागं गाडीचा आवाज आला.

अरे देवा, काय सांगू! माणूस क्षणात खोलीत गेला, शर्ट घालून आला, ओल्या हातानं केस बसवले, मिशी सारखी केली. मग खुर्ची ओढून तळ्याकडं तोंड करून बसला. पाठ फाटकाकडं, मान ताठ. कुणी समजूत काढायला आलं तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हे त्या पाठीवरनंच कळत होतं.

गाडी थांबली. दार उघडलं.

“काका, खोली मिळेल का हो आज?”

पुण्याकडचं कुणी जोडपं होतं. तरुण, उत्साही, गळ्यात कॅमेरा.

“न्हाई,” वस्ताद म्हणाले. “दोनच हायत. एकीत पाव्हणा हाय आन् दुसरीत मामा रुसून बसलाय.”

रंगराव उठला तो खुर्ची पाडूनच उठला.

“कोण न्हाई आलं! सकाळपासनं एक माणूस न्हाई आला! मी मेलोय का जिता हाय, कुणाला पडलीय? आक्कानं तरी... सख्खी भन माझी! तिला एक फोन करता येत न्हाई?”

“केला की.”

“आँ?”

“सकाळी सहा वाजता. मला केला.”

“तुम्हाला? मला न्हाई, आन् तुम्हाला?” त्याला श्वास पुरेना. “काय म्हणाली? मला आणायला कुणाला धाडतीय?”

“कुणाला न्हाई.”

“मग?”

वस्ताद जोडप्याकडं वळले. “तालुक्यावरनंच जाणार न्हवं माघारी? मला घेऊन चला. थांबा वाईच.”

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात धुतलेला सदरा होता आणि ते डोक्याला पटका गुंडाळत होते. हौसाक्का शेळ्यांकडनं आल्या, त्यांनी नवऱ्याच्या पाठीवरची सुरकुती हातानं सारखी केली आणि परत गेल्या.

“वस्ताद... कुठं निघाला?”

“लग्नाला.”

“का?”

“आक्का म्हणाली, तो येत न्हाई, पोरीला बाहेर आणायला माणूस न्हाई. तुम्ही तिला तालमीत रांगताना बघितलीया. तुम्हीच मामा व्हा.”

वस्ताद पायऱ्या उतरले, गाडीपाशी गेले, दाराला हात घातला.

आणि रंगराव धावला. एवढा जडशीळ गडी, अनवाणी, खडीवरनं धावला आणि त्यानं वस्तादांचं मनगट पकडलं.

जे तालमीत वाढले त्यांना सांगायला नको. वस्तादाच्या अंगाला पठ्ठ्या हात लावतो तो पाया पडताना, नाहीतर मातीत उतरल्यावर, आणि तोही वस्ताद म्हणाले तर. रागानं मनगट धरणं म्हणजे... गाडीतली ती पुण्याची पोरगीसुद्धा दचकली. हौसाक्का शेळीचा दोर हातात धरून जागच्या जागी थांबल्या.

“सोड,” वस्ताद म्हणाले.

“न्हाई सोडत.”

“रंग्या, वेळ चाललाय.”

“जाऊ दे! तुम्ही जायचं न्हाई. माझ्या जागी कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. तुम्हीसुदिक न्हाई!” त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तरी तो ओरडतच होता. “ती माझी भाची हाय! मामा मी हाय! तिचा हात मीच धरणार, दुसऱ्या कुणाला धरू देणार न्हाई!”

वस्तादांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांनी खाली, आपल्या मनगटाकडं पाहिलं.

“मग हा कुणाचा धरून ठेवलायस?”