झिपरीचे गाल

माणसाला कुंपण घालायचं अजून सुचलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. उंबराच्या झाडावर माकडांची एक रीत होती. वरच्याने फळ तोडायचं, मधल्याने पुढे द्यायचं, खालच्याने ढोलीत टाकायचं. मध्ये बसायची झिपरी. तिथून सगळं रान दिसे, म्हणून धोक्याची हाक मारायचं कामही तिचंच.

पण झिपरी मोठी शहाणी! निम्मी उंबरं पुढे, निम्मी स्वतःच्या गालात.

“अगं भवाने, आलेलं पुढे दे, तोंड मोकळं ठेव!” सरजामावशी वरून खेकसली.

“असू दे गं मावशी, पुढे लागली तर?” झिपरी गाल फुगवून पुटपुटली.

तेवढ्यात गवत हललं. बिबट्या! आणि त्याच्या समोर झिपरीचंच पिल्लू खेळत होतं. झिपरी हाक मारायला गेली, तर उंबरं घशाशी दाटली. आवाज फुटेना. बाई गं, पोटचं पोर समोर आणि आई मुकी!

शेवटी मावशीच किंचाळली. पिल्लाने फांदीवर उडी घेतली, पण अर्धं शेपूट बिबट्याच्या दातांतच राहिलं.

पिल्लू आईला बिलगलं. “आई, तू तर बघत होतीस. मग हाक का नाही मारलीस?”

झिपरीने उत्तराला तोंड उघडलं. एकेक उंबर टपटप खाली पडू लागलं.