स्प्रिंगवरचा तडा

यंत्रांचे भाग एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका छोट्या विमानाच्या इंजिनात एक झडप आणि तिची स्प्रिंग राहायच्या. झडप उघडली की स्प्रिंग तिला पुन्हा मिटवायची. वर्षानुवर्षं दोघींचं छान जमलं होतं.

एकदा तपासणीसाठी इंजिन उघडलं. मेकॅनिक दमयंतीबाई सोडवलेला प्रत्येक भाग त्याच्या जोडीदाराशेजारीच ठेवायच्या. जोड्यांची सरमिसळ त्यांना खपत नसे. टेबलावरच्या उजेडात झडपेला स्प्रिंगच्या वेढ्यावर केसाएवढा तडा दिसला.

"अगं, पालथी हो!" झडप कुजबुजली. "बाईंना दिसलं तर आपली ताटातूट करतील."

"आणि वर आभाळात मी तुटले तर?" स्प्रिंग म्हणाली. "तुला कोण मिटवणार? विमान चालवणाऱ्या पोरीचं काय होईल?"

स्प्रिंग घरंगळत थेट बाईंच्या भिंगाखाली जाऊन थांबली.

"बरं झालं गं बाई, वेळेवर दिसलीस," दमयंतीबाई म्हणाल्या. तडा कसा असतो हे शिकाऊ पोरांना दाखवायला त्यांनी तिला खिडकीतल्या खिळ्याला अडकवलं.

झडपेच्या जोडीला नवी कोरी स्प्रिंग आली. झडप तिच्याशी बोलेचना. इंजिन सुरू व्हायच्या आधी नवीने भीत भीत विचारलं, "ताई, मला जमेल ना?"

झडपेला खिळ्यावरची मैत्रीण आठवली.

"जमेल गं," ती म्हणाली. "फक्त कधी तडा गेला, तर आधी मला सांग. मी तुला पालथी हो म्हणणार नाही."