उभ्या गाडीचा पंखा

ऐन दसऱ्याच्या मिरवणुकीत, भर पेठेत, सरकारांची मोटार उकळली. नाकाडातून वाफेचा असा फवारा सुटला की श्रीमंत अरिमर्दनराव महाराजांचा फेटा भिजून कानांवर लोंबला, आणि पाहुणे म्हणून आलेले शेजारच्या संस्थानचे राजेसाहेब रुमालात तोंड खुपसून हसले.

अरिमर्दनरावांनी उभ्या जन्मात एकाही शत्रूचं मर्दन केलं नव्हतं. त्यांचं राज्य ते केवढं, तर सकाळी सुटलेली म्हैस दुपारी परमुलखात चरायची. राग मात्र चक्रवर्तीला शोभेल असा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हर धोंडजीला दरबारात उभं केलं. त्याच्यामागे त्याची लेक बकुळा उभी राहिली. आई गेल्यापासून ती मोटारखान्यातच वाढली होती आणि गाडीचं पोट तिला बापाइतकंच ठाऊक होतं.

"सरकार," धोंडजी म्हणाला, "गाडीचा पंखा इंजिनावर फिरतोय. मिरवणुकीत गाडी पालखीच्या मागनं मुंगीच्या चालीनं जाती. इंजिन हळू, म्हंजी पंखाबी हळू. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला वारं लागत न्हाई, मग ते उकळतंय."

"आणि मोकळ्या रस्त्यावर?" महाराज कडाडले. "तिथे तो इतका घरघरतो की आम्हांला काही म्हणून ऐकू येत नाही."

काही म्हणजे काय, तर शेजारी बसलेल्या दिवाण त्र्यंबकपंतांनी चालवलेली स्तुती. तिचा एक शब्द हुकला तरी महाराजांना जेवण जात नसे.

त्र्यंबकपंत हळूच पुढे सरकले. त्यांचा मेहुणा तीन महिने त्यांच्याकडे फुकट जेवत होता, आणि ड्रायव्हरच्या जागेवर पंतांचा डोळा होता. "सरकारांनी हुकूमच करावा. गाडी उभी असताना पंखा जोरात फिरला पाहिजे आणि गाडी पळताना गप्प बसला पाहिजे. जमलं नाही तर धोंडजीनं जागा सोडावी, राहती खोलीही सोडावी."

"सोपं आहे," महाराज म्हणाले. इंजिन गाडीच्या कुठल्या टोकाला असतं हेच त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळंच सोपं वाटायचं. "आठ दिवसांची मुदत."

धोंडजीचा चेहरा पडला. इंजिनाच्या जिवावर फिरणारा पंखा इंजिन मंदावल्यावर जोरात फिरणार कसा? बावीस वर्षांची नोकरी, डोक्यावरचं छप्पर, सगळं आता गेल्यात जमा होतं. दरबाराकडे बघून बकुळाचं डोकं फिरलं. एवढी पागोटी बसली होती, पण एकाखालीही डोकं असल्याची खूण दिसेना.

वर छताला मोठा कापडी पंखा डुलत होता. भिंतीपलीकडे बसलेला गडी त्याची दोरी ओढत होता. बकुळा त्याच्याकडे बघतच राहिली.

"सरकार, आठ दिस कशाला? ती पंख्याची दोरी घटकाभर तुमच्या पायाला बांधू द्या."

दरबारी एकमेकांची तोंडं बघू लागले. महाराजांना मात्र करमणुकीची भूक दांडगी होती. त्यांनी पाय पुढे केला. बकुळानं भिंतीपलीकडून गड्याच्या हातातली दोरी आत ओढून घेतली आणि महाराजांच्या घोट्याला बांधली.

"आता पाय हलवा, सरकार. हवं तेवढं वारं घ्या."

महाराजांनी पाय हलवला, वारा आला. जोरात हलवला, जोरात आला, पण कपाळावर घामही आला. दमून थांबले तर पंखाही थांबला, आणि ते नखशिखान्त उकडून निघाले.

"हा काय चावटपणा? दमल्यावरच वारा हवा, आणि नेमका तेव्हाच बंद?"

"मोटारीचं हेच दुखणं हाय. बिचारीला सोताच्याच पायानं वारं घ्यावं लागतंय. तुमाला येगळा गडी हाय, तसा तिलाबी द्या."

"म्हणजे बॉनेटवर गडी बसवायचा?" पंत खदखदून हसले. पंत हसले म्हणून दरबारही हसला.

"माणूस कशाला? पंतांच्या कचेरीत बॅटरीवरचा पंखा हाय की, त्याची बॅटरी आमीच भरून देतोय. आन् गाडीत बॅटरी हायच."

पंतांचं हसू जागीच वाळलं. महाराजांनी मान वळवली. "आम्ही कापडाखाली, आणि तुम्ही विजेच्या पंख्याखाली? आम्हांला कसं कळलं नाही?" पंखा तासाभरात मोटारखान्यात पोचला.

बापलेकीनं इंजिनावरचा पंखा पट्ट्यासकट उतरवला. पंतांचा पंखा पाण्याच्या जाळीमागे, म्हणजे रेडिएटरमागे, समोरची हवा आत ओढेल अशा तोंडानं बसवला, बॅटरीपासून तारा आणल्या आणि खटका धोंडजीच्या हाताशी ठेवला.

आठव्या दिवशी परीक्षा झाली. पंतांनी मुद्दाम टळटळीत दुपार निवडली आणि पुन्हा पालखी काढायला लावली. पालखीपुढे लोकांनी जमेल तितकं रेंगाळावं, अशी तंबीही देऊन ठेवली. महाराज आणि पंत मागे बसले, बकुळा पुढे, आणि धोंडजीनं खटका दाबला. गाडी रेंगाळली, चौकात अर्धा तास खोळंबली, पण पंखा आपल्या जोरात फिरत राहिला आणि वाफेचा टिपूस दिसला नाही. गावाबाहेर मोकळा रस्ता लागला तसा धोंडजीनं खटका वर केला. घरघर थांबली.

"सरकार, पंखा बंद पडला!" पंत हर्षानं ओरडले.

"पडला न्हाई, केला," पुढच्या सीटवरून बकुळा म्हणाली. "पळत्या गाडीला समोरचं वारं पुरतंय."

पाण्याची उष्णता दाखवणारा काटा जागचा हलला नाही. पंतांकडे आता एकच तक्रार उरली. त्यांनी डोक्याला हात लावला. "ते ठीक आहे, पण माझ्या कचेरीचं काय? राज्यकारभारानं माझं डोकं तापतं, सरकार. तिथे आता वारा कुठून आणू?"

"त्याची काळजी नगं, पंत," बकुळा म्हणाली. "तापायला आधी इंजिन सुरू असावं लागतंय."

महाराज इतके हसले, इतके हसले की धोंडजीला गाडी कडेला घ्यावी लागली.

"धोंडजी," डोळे पुसत ते म्हणाले, "जागा तुझी हयातभर पक्की, खोलीसकट. आणि पोरी, मोटारखान्याची किल्ली आजपासून तुझ्याकडे. पुढे काय बसलीस? मागे ये. पंत, तुम्ही उतरा. वाड्यापर्यंत चालत या, इंजिन सुरू होतंय का बघू."

पंत उतरले, बकुळा बसली, आणि धोंडजीनं गाडी हाणली.