घड्याळजी आणि पाण्यातले झाड

एका गावात एक घड्याळजी राहत होते. गाव घाटाखालचे होते एवढे नक्की. त्यांच्या घरातली काचेची टाकी खिडकीत होती की आतल्या भिंतीला, हे मात्र आता खात्रीने सांगवत नाही. गोष्ट ऐकून फार काळ लोटला, आणि आठवणीवर किती विसंबावे कोण जाणे. घड्याळजींचे नाव अनंतशेट कारेकर.

अनंतशेटचा हात मोठा कसबी. बंद पडलेले घड्याळ आधी कानाशी धरायचे, मग डोळ्याला भिंग लावून चिमट्याने एकेक चाक बाहेर काढायचे, धुऊन पुसून, तेलाचा थेंब देऊन पुन्हा जागच्या जागी बसवायचे, की घड्याळ चालू. बिघाड कसलाही असो, उपाय हाच. आणि दुसऱ्या घड्याळाचा भाग बसवून तो मूळचाच आहे असे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. त्यामुळे गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

माशांची टाकी त्यांच्या पत्नीची, शालिनीबाईंची. मासे साधे गप्पी. टाकीची खरी शोभा होती ती वाळूत वाढलेल्या झाडाची. लांब, अरुंद, चुणीदार पाने, पाण्यात संथ डुलणारी. आई गेल्यावर माहेरचे घर बंद झाले, तेव्हा शालिनीबाईंनी तिथल्या ओढ्यातले एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. पुढे ओढ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती झाल्या आणि तिथे ते झाड उरले नाही. माहेरचे म्हणून त्यांच्यापाशी आता एवढेच होते.

लेकीच्या बाळंतपणाला जाताना त्यांनी नवऱ्याला सगळे समजावले. पाणी एकदम बदलायचे नाही, थोडे काढून तेवढेच शिळे घालायचे. दिवा दिवसभर ठेवायचा नाही, नाहीतर शेवाळ धरते. मग उंबऱ्यात थांबून त्या म्हणाल्या, "आणि हे घड्याळ नाही बरं का."

अनंतशेट हसले.

थोड्याच दिवसांत झाडाची एक-दोन जुनी पाने पिवळी पडली. तशी ती पडतातच. पण अनंतशेटना वाटले, आत कुठेतरी काहीतरी अडकले असणार. रविवारी त्यांनी मासे बादलीत काढले, झाड मुळासकट उपटले, वाळू नळाखाली चकचकीत होईपर्यंत धुतली, टाकीत सगळे नवे पाणी भरले. झाडाचा झुबका सोडवून एकेक रोप सारख्या अंतरावर लावले, तबकडीवरच्या आकड्यांसारखे. टाकी इतकी लखलखीत दिसली की शेजारचे कापडवाले बापू सामंत यांना त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवली.

मग पाने काचेसारखी पारदर्शक होऊ लागली. बुळबुळीत होऊन पाण्यात विरघळू लागली. अनंतशेटनी एक रोप उपटून मूळ पाहिले आणि परत खोचले. दुसऱ्या दिवशी दुसरे. जितके पाहावे तितके बिघडत गेले, आणि शेवटी टाकीत वाळू आणि मासे एवढेच दिसू लागले.

बापूंनी येऊन टाकीत डोकावले. "शेट, तेल घालून बघितलंत का?" पण अनंतशेटचा चेहरा पाहून ते वरमले. समजुतीच्या सुरात म्हणाले, शहरात माशांच्या दुकानात थेट असेच झाड मिळते, उद्या गाडीला बसा आणि घेऊन या. "झाडावर काय नाव कोरलंय? वहिनींना कळायचंसुद्धा नाही."

त्या दुपारी अनंतशेटनी चिमटा बाजूला ठेवला. बापू म्हणत होते ते खरे होते, कळले नसते. शालिनी रोज सकाळी त्या परक्या झाडाकडे माहेर म्हणून बघत राहिली असती, आणि आपण शेजारी बसून चहा प्यायलो असतो. लोकांच्या घड्याळांत जे केले नाही ते घरात करायचे? त्यांनी दुकानाचे दार ओढून घेतले आणि लेकीच्या घरी फोन लावला.

"तुझं झाड मी मारलं," ते म्हणाले.

शालिनीबाईंनी विचारले, "उपटलंत?"

"उपटलं. वाळूही धुतली."

"मुळं कशी आहेत?"

"पांढरी आहेत. टणक. पण पान एक नाही."

"मग ते मेलेलं नाही. इथं आणलं तेव्हाही असंच झालं होतं. मी किती रडले. तुम्ही दुकानात होता." मग त्या म्हणाल्या, "आता काहीही करू नका. जमेल का, तेवढं सांगा."

"जमवतो," अनंतशेट म्हणाले.

आणि त्यांनी जमवले, हेच या गोष्टीत नवलाचे. आयुष्यभर ज्या हातांनी उघडून पाहिले, ते हात पाठीशी बांधून ते टाकीपुढे बसत. वाळूवर पडलेले पानांचे कुजके तुकडे तेवढे अलगद काढत, शिळे पाणी थोडे थोडे घालत, संध्याकाळी दिवा मालवत. कधी बाही वर सरके, बोटे पाण्याला टेकत, आणि ते बाही पुन्हा खाली ओढत. बापू विचारत, "काय शेट, वाळू पाळलीत?" ते म्हणत, "हो. गुणी आहे, खायला मागत नाही." दुकानातही फरक पडला. चांगले चालणारे घड्याळ कोणी उगीच साफ करायला आणले, तर ते कानाशी धरून तसेच परत देऊ लागले.

शालिनीबाई परतल्या तेव्हाही टाकीत वाळूच दिसत होती. अनंतशेट दाराशी उभे राहिले. पिशवी खाली ठेवून बाई टाकीपुढे वाकल्या, काचेला नाक लावून बघत राहिल्या.

"तुमचं भिंग द्या जरा."

वाळूतून एक हिरवे टोक वर आले होते, सेकंदकाट्याएवढे बारीक. थोडे पलीकडे दुसरे.

"रोज हात लावावासा वाटायचा," अनंतशेट म्हणाले.

"लावला नाहीत, ते दिसतंय," शालिनीबाई म्हणाल्या, आणि भिंग त्यांच्या हाती दिले.

पुढे बऱ्याच वर्षांनी वनस्पतिशास्त्राच्या एका जाणकाराकडून कळले, की त्या जातीचे झाड जागा बदलली की पाने टाकून देते, पण मुळे राखते आणि स्वस्थता मिळाली की पुन्हा फुटते. म्हणजे तेवढे तरी बरोबर आठवत होते. गावी चौकशी केली तेव्हा टाकीचाही उलगडा झाला. ती खिडकीत नव्हती, आतल्या भिंतीला होती. आता ती लेकीच्या घरी आहे, आणि त्याच झाडाने गच्च भरली आहे.

तात्पर्य: हातात कसब असेल त्याने ते कधी आवरावे हेही शिकावे, आणि चूक झाली तर झाकण्याआधी सांगावी, कारण सुधारण्याची वाट बहुधा तिथूनच निघते.