दुरपदाआत्याचं भाडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती ते मला विचारू नका. रस्त्यांना डांबर नव्हतं आणि घरोघरच्या बैलांना नावं होती, तेव्हाची. बालाघाटाच्या माथ्यावर सावरखुंटा नावाचं गाव आहे. गावाबाहेर चार वाटा एकत्र येतात, तिथे सावरीचं मोठं झाड होतं, झाडाखाली पाणपोई होती, आणि पाणपोईवर दुरपदाआत्या बसायची.

ती कुणाची आत्या? सगळ्यांचीच. लहानपणी तिचा डावा पाय गाडीच्या चाकाखाली आला होता. काठी टेकत दहा पावलं गेली की अकरावं पाऊल टाकवायचं नाही. पाय असा, आणि बसायची जागा चार वाटांच्या मधोमध. देवालाही कधी कधी थट्टा सुचते ती अशी. नवरा लवकर गेला. एकच लेक, हौसा, ती घाट उतरून मांजरकड्याला दिलेली. मध्ये पाच कोसांचं अंतर होतं.

येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला आत्या रांजणातलं पाणी द्यायची, बैलांना दगडी डोणीतलं पाजायची, आणि तो तोंड पुसतोय तोवर विचारून घ्यायची, "कुठं निघालास? भरला का रिकामा? माघारी कधी?" अशा साऱ्या मुलखाच्या गाड्या तिच्या डोक्यात असायच्या. ज्यांच्याकडे भाड्याला दमडी नसायची ती माणसं तिच्याजवळ येऊन रांजणापलीकडच्या दगडावर बसायची. माहेरी निघालेल्या बाया, कामाला निघालेले गडी, लेकाच्या गावी निघालेले म्हातारे. आत्या म्हणायची, "बस जरा. दुपारी मिरचीची गाडी रिकामी माघारी जायचीय."

एखादा गाडीवान कुरकुरायचा, "आत्या, बैलांना वजन होतं."

"वजन कसलं रे? रिकामी गाडी किती खडखडती बघ. बैलांचं डोकं उठलं असंल. दोन माणसं घे, गप चालंल गाडी."

गाडीवान हसायचा आणि माणसं घ्यायचा. पण आत्याचा एक नियम होता. पैसा कुणी द्यायचा नाही आणि फुकट कुणी बसायचं नाही. न्हावी असला तर त्याने मुक्कामावर गाडीवानाची दाढी करायची. गळा असलेल्या बाईने झोपाळू गाडीवानाला ओव्या म्हणून जागं ठेवायचं. काहीच येत नसेल त्याने चढाला उतरून चाकाला हात लावायचा. एकदा एक नवराबायको सगळी वाट भांडत गेली. गाडीवानाने परत येऊन सांगितलं, "आत्या, असलं भाडं रोज दे. डोळ्याला डोळा लागला नाही."

असं म्हणतात की चाकाच्या करकरीवरून ती कोसभर लांबची गाडी ओळखायची. भरली की रिकामी तेही सांगायची, आणि गाडीवान घरून भांडून निघालाय का तेसुद्धा. असं म्हणतात की एका बाईला तिने अकरा गाड्या बदलून पार नांदेडपर्यंत पोचवलं, आणि वाटेत सगळ्यांनी इतकं खाऊ घातलं की बाईच्या पदरची भाकरी सुटलीच नाही.

एकच गाडीवान तिला बधायचा नाही. त्याचं नाव आंबादास. रिकामी गाडी न्यायचा, पण कुणाला फुकट बसू द्यायचा नाही. चौफुल्यावर आला की मान वळवून निघून जायचा. एका उन्हाळ्यात तो तापाने फणफणून गाडीतच पडला. त्याची बैलजोडी, चांद्या आणि बाशिंग्या, गाडी घेऊन आपणहून सावरीखाली येऊन थांबली. आत्याने त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, दगडावर बसलेल्या एका गड्याला कासरा धरायला लावलं आणि आंबादासला घरी पोचवलं. बरा झाल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा चौफुल्यावरून जाऊ लागला. फक्त मान वळवायचं बंद झालं.

पुढे पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षातला तेवढा एक दिवस त्यांचा.

सणाच्या सकाळी हौसाचा दीर घाट चढून धापा टाकत आला. म्हणाला, "वहिनी अडलीया. दोन दिस झालं. सुईण म्हणती आईला आणा. वहिनीनं समदी आस सोडलीया, नुसतं आईचं नाव घेती."

आत्या उठली आणि रांजणाला वळसा घालून पलीकडच्या दगडावर जाऊन बसली. जन्मात पहिल्यांदाच ती त्या बाजूला बसली होती. सगळ्या गाड्या तिला तोंडपाठ होत्या, म्हणूनच तिला ठाऊक होतं की आज एकही यायची नाही.

ओढ्यावर माणसं बैल धूत होती, तिथवर ही बातमी गेली. ओढ्यावरच्या पाचसहा जणांना गाडी ढकलायला लावून ओल्या धोतराने आंबादास जोडी घेऊन आला. म्हणाला, "आत्या, मी जुंपतो. तुमी बसा."

आत्याने बैलांकडे पाहिलं. खांद्यांवर कालची हळद अजून पिवळी होती. "न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "काल आवतन दिलं आन् आज जू ठिवायचं? मुकी हायत म्हणून का?"

"मग हौसाचं काय?"

तिने काठी उचलली आणि घाटाच्या वाटेने चालायला लागली. दहा पावलांवर ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. साऱ्या मुलखाला घरी पोचवणारी बाई आपल्या लेकीच्या घरी जाऊ शकत नव्हती.

आंबादासने बैल सावरीला बांधले. मग तो वाकला आणि त्याने जू आपल्या खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूला आणखी एकाने खांदा दिला, चार जण मागून लागले. आंबादास म्हणाला, "बसा बिगीबिगी. रिकामी गाडी लई खडखडती, आत्या."

गाडी निघाली. पुढे हलगीवाला धावत होता. त्याची हलगी ऐकून पुढच्या गावची माणसं शिवेवर आली. बघतात तर गाडीला माणसं जुंपलेली आणि गाडीत आत्या. सगळी सरळ जुवाकडे धावली. एकाची आई तिच्यामुळे माहेरी गेली होती, एकाचा बाप दवाखान्यात पोचला होता, एक जण स्वतःच आपल्या लेकराच्या बारशाला वेळेवर घरी आला होता. दमलेल्यांचे खांदे निघाले, ताज्यांचे लागले. गावं बदलली, पण जू जमिनीला टेकलं नाही, असं म्हणतात. घाटाच्या उतारावर तीस माणसांनी मागून दोर धरून गाडी अलगद खाली सोडली.

आणि असंही म्हणतात की गावागावचे सजवलेले बैल, रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले, दावी सोडून आपणहून गाडीच्या मागे चालू लागले. पुढे माणसं, मागे बैल. काही शहाणे म्हणतात की बैल माणसांनीच आणले होते. म्हणोत बापडे.

दिवेलागणीला गाडी मांजरकड्याच्या अंगणात आली. आत्याने आत जाऊन लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. "हौसा, आले गं मी." थोड्या वेळाने आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, आणि हौसा वाचली.

आत्या बाहेर आली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. सगळ्यांचे खांदे सोलवटले होते. कुणीतरी गमतीने ओरडलं, "आत्या, भाडं?"

आत्या आत गेली आणि हळद-लोण्याची वाटी घेऊन आली. एकेकाला पुढ्यात बसवून तिने खांदे मळले. पहिला आंबादास. त्याच्या खांद्याला हात लागला तसा तो लेकरासारखा रडला. ती प्रत्येकाला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. माणसंही जेवली, बैलही जेवले.

आता सावर पडली. रस्ता डांबरी झाला. सावरखुंट्यात सगळ्या मिळून तीन बैलजोड्या उरल्या आहेत, आणि त्याही मी धरून आम्ही तीन म्हातारेच सांभाळतो. पण दगडी डोण जागेवर आहे. रिकामा टेम्पो असो की जीप, चौफुल्यावर आली की ड्रायव्हर वेग कमी करतो आणि डोणीकडे बघून हाक देतो, "आत्या, कुणी हाय का?" कुणी असलं तर बसवून घेतो. नसलं तरी जरा थांबून मगच जातो.

आणि पोळ्याच्या सकाळी आमची पोरं अजूनही एका गाडीचं जू खांद्यावर घेऊन मांजरकड्याला जातात. ती रिकामी न्यायची नाही, असा नियम आहे. वाटेवर जो पहिला माणूस बिनगाडीचा भेटेल त्याला आत बसवतात, मग तो कुठलाही, कुठल्याही जातीचा असो. गेल्या साली एसटी चुकलेली एक परमुलखातली बाई भेटली. तिला धड मराठी येत नव्हती. संध्याकाळी मांजरकड्याच्या अंगणात तिच्या हातात हळद-लोण्याची वाटी दिली. ती आधी गोंधळली. मग पोरांचे लाल झालेले खांदे पाहिले, पदर खोचला आणि एकेकाला बसवून हळद लावायला लागली. माझं वय झालं, पण मांजरकड्याजवळच्या शेवटच्या छोट्या चढाला मीही हात लावला होता, म्हणून ओळीत बसलो. तिने माझ्या खांद्यावर बोटं टेकवली आणि मागे उभ्या असलेल्या बायांनी शिकवलेलं अडखळत म्हणाली, "आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."