पाणसोडीचं नाव

खाणीच्या तोंडाशी हा काळा कट्टा आहे ना, त्यावरचे दगड खुशाल उचलून बघा. फक्त त्यांचं नाव विचारू नका. त्यांना अजून नाव नाही. नवा दगड निघाला की आमच्या वडारवाडीत तो आधी इथे येतो. चूल, पाणी आणि लिंबू यांतून गेल्याशिवाय त्याला नाव मिळत नाही. तुमच्या कॉलेजात मोठी यंत्रं असतील. आमचं एवढ्यावर भागतं.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. ज्याच्या घणाखाली दगड निघेल, त्याचंच नाव दगडाला. त्यापायी माणसं हातघाईवर येत. तिम्मण्णा आणि मल्लण्णा या भावांना एकेक पांढरा दगड सापडला. तिम्मण्णाचा उगाळून पोटदुखीवर देत, मल्लण्णाचा कुटून उंदरांच्या बिळात टाकत. आता नुसत्या नावावरून तारणारा कोणता नि मारणारा कोणता, हे घाईच्या वेळी कसं ध्यानात राहावं? हणमव्वाची लेक चिन्नी पोट धरून रडू लागली, तेव्हा आईनंच उगाळून पाजला तो मल्लण्णाचा दगड. पोर गेली.

असं सांगतात, की हणमव्वानं यल्लम्मापुढे आण घेतली: दगडाच्या पोटात काय आहे ते कळेपर्यंत त्याला नाव नाही, आणि माणसाचं नाव तर कधीच नाही. लोक चिडले. वाडवडिलांची नावं पुसायची म्हणजे काय? बाई ऐकेना. एकेक दगड तिनं तापवला, भिजवला, त्यावर लिंबू पिळलं. तिम्मण्णाचा लिंबानं फसफसला, तो फसफश्या. मल्लण्णाचा झाला उंदीरमार. मल्लण्णानं तिच्याशी बोलणं टाकलं, पण ती हट्टाला पेटली होती, आणि मी म्हणतो, बरं झालं.

पुढे उतारवयात तिच्याच घणाखाली खडकातली एक पोकळी फुटली. आत निळ्या दगडाचे तुरे. असा निळा कुणी पाहिला नव्हता. वाडी जमली. मल्लण्णाच पुढे आला.

"ह्याला चिन्नी म्हनू," तो म्हणाला. "तुझी आन आमी सोडवली."

हणमव्वाला ते किती हवं होतं! चिन्नीचं नाव घेणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. दिवसभर ती दगड मांडीवर घेऊन बसली. मग उठून तिनं चूल पेटवली, एक तुकडा कोरड्या मडक्यात टाकून वर झाकण ठेवलं. थोड्या वेळानं झाकण उचललं, तर आतून पाणी निथळत होतं.

"ह्याच्या पोटात पानी हाय. पाणसोडी म्हना," ती म्हणाली. "माझी लेक दगडाच्या पोटात न्हाई."

मल्लण्णा घरी गेला. पुढे त्याच्या सुनेला मुलगी झाली, तेव्हा बारशाला त्यानं हणमव्वाला स्वतः बोलावून आणलं आणि नातीचं नाव तिच्या तोंडून ठेवून घेतलं.

आजही आमच्या खाणीतल्या एकाही दगडाला माणसाचं नाव नाही. वाडीत मात्र घरटी एक चिन्नी आहे. इथून नुसती हाक मारा, किती जणी वळतात बघा.