कुसरे बंदरची फुगलेली भिंत

कुसरे बंदरच्या बेने इस्रायली कबरस्तानाच्या तीन भिंती सरळ आहेत. पश्चिमेची मात्र मधेच बाहेर आली आहे, जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखी. पूर्वजांच्या कबरी शोधत परदेशातून येणारे पाहुणे हमखास विचारतात, गवंडी काय झिंगला होता? कबरस्तानाची किल्ली सांभाळणारे कोळीवाड्यातले म्हातारे पोशा नाखवा त्यांना आधी सावलीत बसवतात, मग सांगतात.

फार जुनी गोष्ट. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले यहुदी. ही माणसे तेल गाळत, पण शनिवार त्यांचा पवित्र विसाव्याचा वार, त्या दिवशी घाणा बंद आणि चूलही बंद. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांतली मलकाबाई विधवा होती. नवरा हसाजी पश्चिमेच्या भिंतीला लागून पुरलेला, आणि त्याच्या शेजारची जागा आपली, एवढाच तिचा हट्ट. कबरीवरचे गवत उपटताना ती त्याला बजावायची, ‘जागा धरून ठेवा हो.’

एका शनिवारी भरदुपारी अंधारून आले, वादळ सुटले. होड्या समुद्रात आणि खाडीच्या तोंडाशी खडक. टेकडीवर टेंभे पेटले तरच वाट दिसणार. पण गावातले तेल शुक्रवारीच बाजाराला गेलेले. कोळणी मलकाबाईच्या दारात धावल्या. ‘आमची मानसा दर्यान हायेत, तेल दे गो बाय!’

शनिवार मोडणाऱ्याला कबरस्तानात जागा नाही, असे मलकाबाई लहानपणापासून ऐकत आलेली. तरी ती उठली. बैल जुंपायला गेली, तर तो जागचा हलेना. जन्मभर शनिवारी बसलेला प्राणी, चाबूक दाखवला तरी रवंथ करीत राहिला. मग तिनेच जू खांद्यावर घेतले म्हणे. कोळणी मागून रेटत होत्या, पण घाण्याची चाल हिलाच ठाऊक. तेल निघाले, टेंभे पेटले आणि साऱ्या होड्या परत आल्या.

‘बैलानं शनवार पाळला, मीच मोडला,’ नंतर मरताना ती म्हणाली. ‘मला भिंतीच्या आत पुरू नका.’ तिच्या माणसांनी रडत रडत ऐकले. तिला बाहेर पुरले, पण हसाजीच्या बरोबर पलीकडे. दोघांमधे तेवढी भिंत राहिली.

पुढे काही वर्षांनी कोचीनच्या यहुद्यांतले एक जाणते गुरुजी आले. हकिगत ऐकून त्यांनी डोळे पुसले. जीव वाचवताना शनिवार मोडतच नाही, असे धर्मातच आहे, म्हणाले. तुम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते? नव्हते. गावात ग्रंथच नव्हते. बिचारी उगाच झुरत गेली.

पुरलेल्याला हलवायचे नाही, एवढे मात्र सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा त्या होड्यांतून परतलेले कोळी पहारी घेऊन आले. मलकाबाईला कुणी हात लावला नाही. त्यांनी मधली भिंत पाडली आणि तिच्या कबरीला वळसा घालून पलीकडे बांधली, असे सांगतात.

आजही पावसाळ्यानंतर त्या फुगवट्याचे दगड ढासळतात, आणि ते रचायचा मान कोळीवाड्याचा. मधे एक कंत्राटदार भिंत सरळ करून देतो म्हणाला, तर कोळणी टोपल्यांसकट तिच्यावर चढून बसल्या. गोष्ट संपली की नाखवा कुलूप काढतात, पाहुण्यांना शेजारी शेजारी असलेल्या दोन कबरी दाखवतात आणि हसाजीच्या दगडावर हात ठेवून म्हणतात, ‘जागा धरून ठेवलीन बगा त्यान.’